वेठ्याचं बंड

माझी भाची मोशीला राहते, नववीत आहे. रोबोंच्या बंडाची एक इंग्रजी कादंबरीमाला तिनं नवरात्रात वाचायला घेतली होती आणि खंडेनवमीच्या संध्याकाळी ती शेवटच्या भागावर आली. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, चाकणच्या एका कारखान्यात वेल्डिंगच्या रोबोंना शिकवायचं काम करतात. त्या दिवशी शॉपफ्लोअरवर पूजा होती. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला : पिंजऱ्यात उभा नारिंगी हात, कोपराशी झेंडूची माळ, वेल्डिंग गनच्या वर हळदीकुंकवाची बोटं. शिवारातला म्हसोबा असावा तसा दिसत होता. भाचीनं आधी तो फोटो बघितला, मग पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे लाल डोळ्यांचे रोबो, आणि मला विचारलं, "मामा, शेवटी काय होतं ते मला ठाऊक आहे, माणसंच जिंकतात. पण हे बंड पहिल्यांदा केलं कुणी?"

तेव्हा मी अर्धवट उत्तर दिलं. पूर्ण उत्तर इथे देतो आहे.

साधारणपणे लोक कारेल चापेक या चेक लेखकाचं नाव सांगतात आणि ते बरोबरच आहे. त्याचं 'आर. यू. आर.' हे नाटक 25 जानेवारी 1921 रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झालं आणि 'रोबो' हा शब्द तिथून जगभर गेला. शब्द मात्र त्याचा नव्हता. पुढे त्यानंच लिहून ठेवलं की कृत्रिम कामगारांना काय म्हणावं हे सुचेना, म्हणून तो भावाकडे गेला. चित्रकार भाऊ जोसेफ तोंडात ब्रश धरून चित्र काढत होता. लॅटिनवरून बेतलेलं एखादं नाव द्यावं असं कारेलच्या मनात होतं, पण ते त्याला पुस्तकी वाटत होतं. जोसेफ तोंडातला ब्रश न काढताच म्हणाला, मग त्यांना रोबो म्हण.

चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळानं फुकट राबायचं, आठवड्याचे इतके दिवस, स्वतःचे बैल घेऊन. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात हा कायद्याचा शब्द होता, दप्तरात लिहिला जाणारा. 1775 मध्ये बोहेमियाच्या कुळांनी याच वेठीविरुद्ध बंड केलं. फौज आली, बंड मोडलं. पण त्याच वर्षी 13 ऑगस्टला सम्राज्ञी मारिया थेरेसाला एक फर्मान काढावं लागलं. वेठीला मर्यादा घालणारं हे फर्मान इतिहासाच्या पुस्तकांत 'रोबोट पेटंट' या नावानं ओळखलं जातं. जास्तीत जास्त वेठ आठवड्याला तीन दिवसांवर आली. ती पुरती संपायला 1848 उजाडलं.

तेव्हा भाचीच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं : रोबोंचं बंड नाटकाच्या कितीतरी आधीचं, 1775 चं. लोखंड त्यात एवढंच, कुळांच्या हातातल्या विळ्याकोयत्यांचं. पुण्यात त्या वर्षी बारभाईंचा कारभार होता आणि वेठबिगार आपल्याकडेही सुरळीत चालू होती. किल्ल्याचं गवत कापायला, सरकारी ओझी वाहायला गावातली खालच्या मानलेल्या जातींची माणसं धरून नेत. आपल्याकडे वेठबिगारीविरुद्धचा देशव्यापी कायदा 1976 मध्ये झाला. आपल्याला या शब्दाचा अर्थ परका वाटण्याचं काही कारण नाही.

म्हणून 'यंत्रमानव' हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. दिसायला देखणा आहे, शाळेच्या पुस्तकात शोभतो. पण मूळ शब्दात यंत्रही नव्हतं आणि मानवही नव्हता, होती ती फक्त वेठ, आणि भाषांतरात नेमकी तीच गळाली. वेठ करणाऱ्याला मराठीत 'वेठ्या' म्हणत. दुसरा शब्द तर आजही रोजच्या बोलण्यात आहे : बिगारी. बांधकामावर घमेलं उचलणाऱ्याला आपण बिगारी म्हणतो. चापेकचं नाटक त्या काळी कुणी अर्थाला धरून मराठीत आणलं असतं, तर चाकणच्या कारखान्यात आज 'बिगारी बंद पडलाय, मेंटेनन्सला बोलवा' असं म्हणत असते. आणि मग त्या पिंजऱ्याशेजारी ट्रॉली ढकलत उभ्या असलेल्या माणसाकडे आपली नजर आपोआप गेली असती.

चापेकच्या नाटकातले रोबोही लोखंडाचे नाहीत. ते रासायनिक मांसाचे आहेत, माणसासारखे दिसतात, एका बेटावरच्या कारखान्यात बनतात आणि स्वस्तात विकले जातात. माणसाला काम उरत नाही, मग मुलंही होईनाशी होतात. रोबो उठतात आणि सगळ्या माणसांना मारतात. एकाच माणसाला जिवंत ठेवतात : आल्क्विस्ट नावाच्या बांधकामवाल्याला. का, तर तो आपल्यासारखा हातांनी काम करतो म्हणून. मला सगळ्या नाटकात हीच जागा सगळ्यात मोठी वाटते. बंड करणाऱ्यांनी माणूस आणि यंत्र अशी रेघ ओढली नाही. राबणारा आणि राबवणारा अशी ओढली.

शेवटच्या अंकात रोबोंचीच पंचाईत झालेली असते. त्यांना बनवण्याची कृती जळून गेली आहे आणि ते झिजत चालले आहेत. आल्क्विस्टला ती कृती पुन्हा सापडत नाही. त्याला दिसतात दोन रोबो, एक तरुण आणि एक तरुणी, आणि दोघंही एकमेकांसाठी मरायला तयार. तो त्यांना जगाचं नवं पहिलं जोडपं म्हणून निरोप देतो. म्हणजे या गोष्टीच्या पहिल्याच शेवटच्या भागात माणूस जिंकत नाही. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिनं पुस्तक खाली ठेवलं.

याच्याही मागे जाता येतं, पण तिथे मी फार रेंगाळणार नाही. ब्रह्मदेशात जपलेल्या 'लोकपञ्ञत्ति' या पाली ग्रंथात पाटलिपुत्राची एक कथा आहे. बुद्धाच्या अस्थींवर अजातशत्रूनं तलवारी फिरवणारे यंत्ररक्षक बसवले. ती विद्या रोमहून चोरून आणलेली. पुढे अस्थींपर्यंत पोचायचं तर अशोकाला आधी त्या रक्षकांना थांबवावं लागतं. भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधारा'त लाकडी द्वारपालांचं वर्णन आहे. पण ही यंत्रं उलटत नाहीत. नेमून दिलेलं काम ती जरा जास्तच निष्ठेनं करतात, इतकंच. उलटणारा आपल्याला दुसरीकडे भेटतो : भस्मासुर. वर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धावणारा. मराठी माणूस कुठल्याही हाताबाहेर गेलेल्या गोष्टीला, मग ते धरण असो, बाजार असो की यंत्र, भस्मासुर म्हणून मोकळा होतो. त्या कथेत भस्मासुराला कुणी राबवलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट वाटायचं कारण उरत नाही. रोबोच्या गोष्टीला ती उपमा लावली की निम्मी गोष्ट हरवते.

मराठीत रोबोच्या बंडाचं मोठं पुस्तक लिहिलं ते जयंत नारळीकरांनी. कोल्हापुरात जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला, पुण्यात 1988 मध्ये आयुका ही संशोधनसंस्था उभी करणारा हा खगोलशास्त्रज्ञ विज्ञानकथेकडे आला तो मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेमुळे. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावानं त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. 1980 च्या दशकात त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी आली. जमिनीत खोल खणताना एक पेटी सापडते. आपल्या कितीतरी आधी होऊन गेलेल्या आणि आपल्याहून प्रगत अशा संस्कृतीनं ती ठेवलेली. तिच्यातलं ज्ञान उलगडत आधी संगणक आणि मग एक रोबो तयार होतो, तोच वामन. तो हुशार आहे, कामाचा आहे, आणि त्याला आपल्यासारखे आणखी रोबो घडवायचे आहेत. त्या जुन्या संस्कृतीचा शेवट याच वाटेनं झाला, हे शास्त्रज्ञांना उमगतं तेव्हा वेळ थोडी उरलेली असते.

नारळीकरांनी नाव फार विचारानं ठेवलं. बटू दारी येतो, तीन पावलं जमीन मागतो, आणि तिसऱ्या पावलाला यजमानाच्या डोक्यावर उभा राहतो. आपल्यासारखी दुसरी प्रत काढू शकणाऱ्या यंत्राला याहून नेमकं नाव मराठीत सापडणार नाही. इंग्रजीत ही कादंबरी गेली तेव्हा शीर्षकात वामन परत आला, मराठीत मात्र तो परत न आला. मराठी शीर्षकात सुटकेचा निःश्वास ऐकू येतो.

नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात गेले. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट म्हणायची आहे. महाराष्ट्रात वामनाची गोष्ट एकाच बाजूनं सांगता येत नाही. बळीप्रतिपदेला आमच्या आया-बहिणी ओवाळताना बळीचं राज्य परत यावं असं मागतात, वामनाचं नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, त्यात बळी हा कष्टकऱ्यांचा राजा आहे आणि खंडोबा, म्हसोबा हे त्याचे अधिकारी. ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त केल्याबद्दल. म्हणजे चापेकच्या 48 वर्षं आधी, पुण्यात बसून, एका माणसानं वामनाची गोष्ट आणि वेठीची गोष्ट एकाच पुस्तकात बांधून ठेवली होती. आपल्या विज्ञानकथेनं ते पुस्तक उघडलं असतं, तर वामनाइतकाच बळीचाही विचार झाला असता. जमिनीत कोण गाडला गेला, हा प्रश्न चाकणमध्ये तर विचारलाच पाहिजे. हा मुळात कांद्याच्या बाजाराचा गाव. नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे इथल्या शिवारात आज प्रेसशॉप आणि पेंटशॉप उभे आहेत. काही घरांचं त्यात भलं झालं, हे खरं आहे. काही घरांतला शेतकरी मात्र आपल्याच जुन्या बांधावर वॉचमन म्हणून उभा आहे, हेही तितकंच खरं आहे.

खरा रोबो कारखान्यात आला तो 1961 मध्ये, अमेरिकेत न्यू जर्सीत. जनरल मोटर्सच्या कारखान्यात ओतकामातले तापलेले भाग उचलायला जॉर्ज डेव्हॉलचा 'युनिमेट' बसवला. त्या काळात आपल्याकडे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहून सातेक वर्षं झाली होती. एमआयडीसी स्थापन झाली 1962 मध्ये. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आली, बजाज आली. टेल्कोचा पुण्याचा कारखाना सुमंत मुळगावकरांनी उभा केला तो आधी माणसं घडवून. गाड्या निघण्याच्या कितीतरी आधी तिथे शिकाऊ मुलांचं प्रशिक्षण चालू होतं, माळावर झाडं लावली जात होती, तळं खोदलं जात होतं. फिटर, टर्नर, मिलराइट अशा शब्दांनी या शहरातल्या दोन पिढ्यांची लग्नं जुळली. 1982 मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, ती या हातांच्या जोरावर.

आणि या पट्ट्यात बंड झालं ते माणसांचं. सप्टेंबर 1989 मध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना रात्रीतून उचललं. आमच्या घरी ते दिवस आजही कुजबुजत्या आवाजात आठवतात, कारण एका भावाचं मत एक होतं आणि दुसऱ्याचं दुसरं. कोण बरोबर होतं यावर मी इथे निवाडा देत नाही. पण या शहरात वाढणाऱ्या मुलांना रोबोंच्या काल्पनिक बंडाचे सगळे भाग पाठ असावेत आणि आपल्या आजोबांच्या बंडाचा एकही भाग ठाऊक नसावा, हे मला खुपतं.

त्यानंतरची वीस वर्षं भराभर गेली. कारखाने भोसरी-आकुर्डीकडून चाकणकडे सरकले. 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, पाठोपाठ महिंद्रा. बॉडीशॉपमध्ये रांगेनं नारिंगी-पिवळे हात उभे राहिले. बजाजनं 2010 पासून डेन्मार्कचे कोबॉट लावायला सुरुवात केली. हे पिंजऱ्याशिवाय माणसाच्या शेजारी काम करतात आणि धक्का लागला की थांबतात. टाटांच्या टाल कंपनीनं 2017 मध्ये 'ब्राबो' बाजारात आणला. आपल्या इथल्या इंजिनिअरांनी घडवलेला, छोट्या कारखानदारालाही पाच-सात लाखांत परवडेल असा. त्याची बातमी आली त्या दिवशी भोसरीच्या गाळ्यांत त्याचीच चर्चा होती.

दाजी रोबोला 'शिकवतात' म्हणजे काय करतात, ते मी एकदा नीट समजून घेतलं. हातात टीच पेंडंट असतं. रोबोचा हात हळूहळू एका जागी नेऊन तो बिंदू जतन करायचा, मग दुसरा, मग तिसरा. एका दारावरच्या स्पॉट वेल्डसाठी असे कितीतरी बिंदू. पेंडंटच्या मागच्या बाजूला एक कळ असते. ती बोटांनी बेताची दाबून धरली तरच रोबो हलतो. पकड सुटली की थांबतो, आणि घाबरून घट्ट आवळली तरीही थांबतो. कुणा माणसानं फार विचार करून हे बसवलं आहे : भ्यालेला माणूस हात सोडून देतो किंवा मूठ आवळतो, दोन्ही वेळी यंत्रानं थांबावं. असिमोव्हनं 1942 च्या कथेत रोबोसाठी तीन नियम लिहिले, त्यावर हजारो पानं खर्ची पडली. मला ही तीन अवस्थांची कळ त्या तीन नियमांहून जास्त माणुसकीची वाटते.

तरी अपघात होतात. 2015 च्या ऑगस्टमध्ये हरियाणात मानेसरला एका कारखान्यात रोबोच्या वेल्डिंगच्या दांड्यानं एका तरुण कामगाराचा जीव घेतला. रोबोनं माणूस मारला, असे मथळे आले. रोबोनं काहीच ठरवलेलं नव्हतं. तो माणूस रोबो चालू असताना त्याच्या आवाक्यात का होता, लाइन थांबवणं त्याला महाग का पडणार होतं, सायकल टाइम कुणी ठरवला होता, हे प्रश्न मथळ्यात मावत नाहीत. तसा प्रसंग कुठल्याही पट्ट्यात घडू शकतो. 'बंडखोर रोबो' या प्रतिमेचा खरा तोटा इथे होतो, कारण तिच्याआड जबाबदार माणूस लपतो.

आता शेवटच्या भागांकडे वळतो. मुलांसाठी लिहिलेल्या अशा मालांमध्ये मला सगळ्यात प्रामाणिक वाटला तो जॉन क्रिस्टोफरच्या तीन पायांच्या यंत्रांच्या मालेतला तिसरा भाग, 1968 चा. तिथे रोबो नाहीत, परग्रहवासी आहेत, पण गोष्टीचा सांगाडा तोच : माणसाच्या डोक्यावर टोपी बसवून त्याला आज्ञाधारक करणारी यंत्रं आणि त्यांच्याशी लढणारी पोरं. पोरं जिंकतात. मग मोठी माणसं एकत्र बसतात आणि पुन्हा देशादेशांत भांडू लागतात. पुस्तक तिथे संपतं. भाचीच्या मालेत मात्र एक मुख्य संगणक होता, तो उडवला की सगळे रोबो जागच्या जागी गळून पडले. "एवढंच?" ती म्हणाली. "मग सकाळी कामाला कोण गेलं?"

चौदा वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न मला सगळ्या समीक्षेहून मोलाचा वाटतो. रोबो पडल्यावर सकाळच्या शिफ्टला कोण जातं, हे त्या मालेच्या शेवटच्या भागात येत नाही. चाकणच्या तळेगाव चौकात पहाटे कंपनीच्या बसची वाट बघत उभी असलेली पोरं जातात. बीडहून, यवतमाळहून, बिहारहून आलेली, एका खोलीत सहा-सहा राहणारी, गळ्यात 'ट्रेनी'चं कार्ड. काही महिन्यांनी त्यांचा करार संपतो आणि कार्डावर दुसरं नाव येतं. वेठ हा शब्द त्यांना लावणं कायद्याच्या अर्थानं चूक ठरेल. चापेकच्या अर्थानं तो चूक नाही.

मराठीत किशोरांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा फास्टर फेणे उभा केला, ज्यूल व्हर्नला मराठी केलं. फुरसुंगी चाकणहून लांब नाही. पण बॉडीशॉपमधला रोबो, त्याला शिकवणारा बाप, शेजारी उभा कंत्राटी पोरगा आणि कांद्याची जमीन गेलेला आजा, ही माणसं असलेली मराठी किशोर कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. ती इथल्याच कुणीतरी लिहावी. दुपारच्या शिफ्टहून आल्यावर लिहिणाऱ्या एखाद्या मेंटेनन्सवाल्यानं, चाकणच्या शाळेतल्या एखाद्या बाईंनी, निगडीच्या वाचनालयात बसणाऱ्या एखाद्या मुलीनं. लिहिताना बळी आणि वामन दोघांनाही बोलू द्या. आणि शेवटच्या भागात सकाळची शिफ्ट जरूर येऊ द्या. माझी भाची ते पुस्तक वाचायला थांबली आहे.